त्याला केक नको होता

परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय बाई, कसं होतं इंग्लंड?" मी म्हणते, छान होतं. मग थंडी किती होती, राजवाडा पाहिला का, असं सुरू होतं, आणि राजवाडा पाहिला नाही म्हटलं की समोरच्याचा विरस होतो. खरं सांगायचं तर मी फार दमून आले. गुडघे जातानाच दमलेले होते, येताना बाकीची मीही दमले. लिहायला बसले ते त्यासाठीच. एकदा लिहून झालं की ज्याला हवं त्याने वाचावं, मला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.

मी कराडची. शाळेत मराठी शिकवलं आणि जोडीला कलापथक चालवलं, नोकरी संपल्यावरही चालवलं. कलापथकात माझी भूमिका ठरलेली, हवालदार. बाईमाणसाने हवालदार करायचा यातच अर्धं हसू होतं. पोटाला उशी, ओठावर मिशा, हातात दंडुका. आमचा हवालदार येतो तो खातच येतो. केळीवालीची केळी खातो, भजीवाल्याची भजी खातो, फिर्याद द्यायला आलेल्या म्हातारीच्या फडक्यातली भाकरीसुद्धा सोडत नाही. गावोगाव लोक या हवालदाराला हसून लोळत. एकदा आमच्याकडे पोलीस आणि एका वस्तीतली माणसं यांचं फार वाजलं होतं, तेव्हा दोन्हीकडची माणसं घेऊन आम्ही एक वग बसवला, आणि तो बरा चालला. माझी भाची केतकी ब्रिस्टलला डॉक्टर आहे. तिने ही हकिकत तिथल्या एका लहानशा नाटकमंडळीला सांगितली. ती मंडळी काळ्या आणि आशियाई लोकांना पोलिसांसमोर बसवून एकमेकांच्या गोष्टी सांगायला लावत. त्यांनी मला महिनाभरासाठी बोलावलं. दोन हजार सहा सालचा तो शरद होता.

हीथ्रो आणि वेम्बली

विमानतळावरच दंडुक्याने घात केला. बाहेर पडताना एका अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. वर दंडुका, त्याखाली खाकी विजार, त्याखाली मिशा आणि मेतकूट. त्याने दंडुका उचलून विचारलं, हे काय. मी म्हटलं, पोलिसाची काठी. तुम्ही पोलीस आहात का? म्हटलं, हो, पण नाटकात. त्याने मिशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मेतकुटाचा वास घेऊन बॅग बंद केली. मला उगीचच अभिमान वाटला की परदेशात पाऊल ठेवायच्या आत आपला हवालदार लोकांना भेटलाही.

पहिली रात्र वेम्बलीला केतकीच्या नवऱ्याच्या, शिरीषच्या, चुलतभावाकडे. ईलिंग रोडवर चक्कर मारली. भेंडी, कारली, पानाच्या टपऱ्या, साड्या, देवळाची घंटा. कारल्याचा भाव विचारला तर दुकानदार गुजरातीत बोलला. हे सगळं बघायला एवढं विमानात अवघडून बसायची काय गरज होती, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी शिरीष न्यायला आला.

ब्रिस्टल

ब्रिस्टल हे चढउताराचं गाव आहे. जिथे जायचं ते टेकडीवर, परतायचं तेही टेकडीवरच, हे कसं जमवलंय कोण जाणे. माझ्या गुडघ्यांनी पहिल्या दिवशीच निषेध नोंदवला. रंगीत घरांच्या रांगा मात्र सुंदर, आणि पानं गळायला लागलेली. आमच्याकडे झाडं अशी एकदम निरोप घेत नाहीत.

केतकीने पिठलं-भात केला होता. तिची अकरा वर्षांची रिया मला म्हणाली, "आजी, तुझा मिशी दाखव ना. मम्मी म्हणते खूप फनी आहे." मी मिशा लावून दाखवल्या. जेवताना केतकी म्हणाली, "मावशी, तुझा हॉल ज्या बाजूला आहे ना, ती एरिया जरा रफ आहे हं. अंधार पडल्यावर एकटी चालत येऊ नकोस. मी पिकअप करीन."

"रफ म्हणजे काय गं?"

"म्हणजे... तसे लोक राहतात तिथे."

शिरीष म्हणाला, "आपल्याला काही प्रॉब्लेम नसतो, मावशी. आपण आपलं काम करतो, टॅक्स भरतो. तुम्ही त्या वर्कशॉपमध्ये उगीच मनाला लावून घेऊ नका." शिरीष विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, स्वभावाने सरळ. पण गेल्या वर्षी लंडनला सॅकमधून नेलेले बॉम्ब फुटले तेव्हापासून त्याने पाठीवरची सॅक टाकून दिली आणि हातात ब्रीफकेस घ्यायला लागला, हे केतकीने मला भांडी घासताना सांगितलं.

चर्चचा हॉल

हॉल चर्चच्या मागे होता. लाकडी जमीन, कोपऱ्यात पियानो, भिंतीवर बाळांच्या खेळगटाची चित्रं. मंडळी चालवणारी हेलन उंच, घाईची बाई. ती प्रत्येक वाक्यानंतर "लव्हली" म्हणते. वर्तुळात खुर्च्या मांडलेल्या, निम्म्यांवर पोलीस, निम्म्यांवर वस्तीतली माणसं. पोलीस साध्या कपड्यांत होते, पण ओळखू येत. खुर्चीत बसतानाही ते जागेचा ताबा घेतल्यासारखे बसत.

त्यातला सार्जंट ॲलन पन्नाशीचा, लाल गालांचा. मी आत गेले तेव्हा तो सगळ्यांसाठी चहा करत होता. आमच्याकडे फौजदार ठाण्यात असला तर चहा दुसरा आणतो, कप तिसरा विसळतो, आणि फिर्यादी उभा असतो. इथे सार्जंट मला विचारत होता, साखर किती. मी जागच्या जागी विरघळले. मनात म्हटलं, यांचं काय भांडण असणार, हे तर देवमाणूस आहेत.

हेलनची पद्धत अशी. एक पोलीस आणि एक वस्तीतलं माणूस यांची जोडी लावायची. दोघांनी आपल्या आयुष्यातली एकेक गोष्ट एकमेकांना सांगायची. मग सगळ्यांसमोर जोडीदाराची गोष्ट आपली म्हणून सांगायची. ती आपल्याला घडली, आपल्या अंगावरून गेली, अशी. मध्ये कुणी बोलायचं नाही, खुलासा करायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं.

ॲलनचा जोडीदार डेस्मंड. साठी उलटलेला, जमैकाहून लहानपणी आलेला, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. मला तो पहिल्या दिवसापासून "मिस सुमन" म्हणायला लागला. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. आपल्या सुमनताईसारखंच. त्याचं इंग्रजी हेल काढून येई, दोन दिवस समजलं नाही, मग सवय झाली.

डेस्मंडची गोष्ट ही.

त्याच्या मुलीचं, इव्हॉनचं, लग्न दुसऱ्या एका गावी होतं. त्यांच्यात लग्नाला काळा केक लागतो. मनुका, आलुबुखार, चेरी महिनोन् महिने रममध्ये भिजत घालतात, आपल्याकडे लोणचं मुरवतात तसं. हा केक त्याच्या बायकोने, पर्लने, केला होता. वर पांढरी साखर आणि साखरेची फुलं. डेस्मंड एकटा केक घेऊन गाडीने निघाला, मांडीवर मूल घेतल्यासारखा हळू चालवत. वाटेत पोलिसाने अडवलं. गाडीत दारूचा वास येतोय, सर. डेस्मंडने केक दाखवला. त्याला नळीत फुंकर मारायला लावली, त्यात काही निघालं नाही. मग, खोकं उघडता का, सर. पोलिसाने हातमोजा घातला आणि केकमध्ये बोटं खुपसली, तळापर्यंत, एका ठिकाणी नाही, चार-पाच ठिकाणी. आत काही लपवलंय का पाहायला. साखरेची फुलं खाली पडली. मग मोजा काढला, झाकण नीट बसवून दिलं, आणि म्हणाला, धीर धरल्याबद्दल आभारी आहे, सर, लग्न छान होवो. डेस्मंड म्हणाला, थँक यू, ऑफिसर.

लग्नाच्या ठिकाणी पोचल्यावर त्याने सांगितलं, माझ्या हातून पडला.

"लग्नघरात पोलिसांना कशाला न्यायचं?" तो मला म्हणाला. "मी खरं बोललो असतो तर माझा भाऊ उठला असता, जावई उठला असता. लग्न राहिलं असतं बाजूला. पडला म्हटलं की लोक हसतात आणि विसरतात. फक्त ते विसरले नाहीत, मिस सुमन. घरात काहीही उचलायचं असलं की आजही म्हणतात, डॅडच्या हातात देऊ नका."

"बायकोला तरी सांगितलंत?"

"नाही. तिने वर्षभर फळं भिजवली होती. पर्ल दोन वर्षांपूर्वी गेली. तसंच समजून गेली."

म्हणून आता त्याला इव्हॉनला सांगायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं. एवढ्या वर्षांनी जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा तरी कसा. नाटकात हेच घालायचं त्याने ठरवलं होतं. इव्हॉन बघायला येईल, केक बघेल, फुलं बघेल, आणि आपोआप समजेल. त्याला तोंडाने काही सांगावं लागणार नाही. मी म्हटलं, डेस्मंड, काळजी करू नका, ते माझ्यावर सोडा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

ॲलनने ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा पंचनामा वाचल्यासारखी सांगितली. वाहन थांबवण्यात आलं, तपासणी करण्यात आली. हेलनसुद्धा लव्हली म्हणाली नाही. मला वाटलं, याच्याने हे व्हायचं नाही, इथे नाटक पाहिजे.

पहिला प्रयोग

आठ-दहा दिवस तालमी झाल्या. मी सकाळी केतकीच्या घरून निघायची, बसने टेकडी उतरायची, संध्याकाळी परत. थंडी हाडात शिरायला लागली होती. दुपारी त्या लोकांसारखं गार सँडविच खायचं, ज्यात काकडी सोडून काही नसे. एकदा डेस्मंड डबा घेऊन आला, भात, राजमा आणि वर झणझणीत मिरचीची चटणी. मी डोळे पुसत खाल्लं आणि त्याला म्हटलं, कराडला या, तुम्हाला कुणी परका म्हणणार नाही. तो म्हणाला, इथेही तोंडावर कुणी म्हणत नाही.

प्रयोगात चार-पाच छोट्या गोष्टी होत्या. केकची शेवटी. पोलीस कोण करणार हा प्रश्न आला. खऱ्या पोलिसांना ते अवघड वाटत होतं, वस्तीतल्यांना नको होतं. मग मी बॅग उघडली. उशी बांधली, मिशा लावल्या, दंडुका फिरवत आत आले आणि समोरच्या कॉन्स्टेबलच्या हातातलं बिस्किट काढून खाल्लं. सगळा हॉल हसला. ॲलनच्या डोळ्यांतून पाणी आलं. हेलन तीनदा लव्हली म्हणाली. डेस्मंडही हसला असं मला वाटलं. नीट पाहायला हवं होतं.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. वस्तीतली कुटुंबं, गणवेशातले पोलीस, मागे केतकी, शिरीष आणि रिया. इव्हॉन आली होती, चाळिशीची, बँकेत काम करणारी, हसरी. वडिलांशेजारी बसली.

केकच्या प्रवेशात मी शिरले आणि माझ्या अंगात हवालदार आला. कित्येक वर्षांची सवय. वास घेतला, डोळे मोठे केले, खोक्याभोवती मांजरासारखी फेरी मारली. एक बोट केक खाल्ला. मग दुसरं. मग मूठभर. रम हवालदाराला चढली, उचक्या लागल्या, दंडुक्यालाच सॅल्यूट ठोकला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. गणवेशातले पोलीस सगळ्यांत जोरात हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. आणि इव्हॉन हसत होती. पोट धरून हसत होती. टाळ्या चालू असताना ती वडिलांकडे वळून मोठ्याने म्हणाली, ते मला रंगमंचावर ऐकू आलं, "बघ डॅड, आपला केक निदान तू स्वतः पाडलास."

डेस्मंडने टोपी घातली आणि तो उठून बाहेर गेला. इव्हॉनला वाटलं, त्याला बाथरूमला जायचं असेल.

मी मिशा काढून त्याच्या मागे गेले. तो गाड्या उभ्या करतात तिथे कठड्याला टेकून उभा होता. मी म्हटलं, डेस्मंड, काय चुकलं? तो रागावला नव्हता, तेच मला सोसवेना.

"तुमचा पोलीस भुकेला आहे, मिस सुमन," तो म्हणाला. "त्याला केक हवा आहे. तो पोलीस भुकेला नव्हता. त्याला केक नको होता. त्याने तो चाखलासुद्धा नाही. माझ्या बायकोने केलेल्या केकमध्ये त्याने बोटं घातली आणि मोजा काढून टाकला. आणि तो मला सर म्हणत होता. सगळा वेळ सर म्हणत होता."

उशी अजून पोटाला बांधलेली होती.

घरी जाताना गाडीत रिया माझ्या उचक्यांची नक्कल करत होती. केतकीने तिला गप्प केलं. शिरीष गाडी चालवता चालवता म्हणाला, "मावशी, तुम्ही सुरेख केलंत हं. पण ते पोलीस जास्तच हसले. त्यांना वाटलं असणार, हा इंडियातला पोलीस, आपला नाही."

मला ते इतकं लागलं की मी खिडकीबाहेर पाहत बसले. कराडला हवालदाराला हसतात ते पोलिसांचा मार खाणारे. समोर बसलेला फौजदारसुद्धा ओशाळून हसतो, कारण केळी आणि भाकरी कुणाची गेली ते सगळ्या गावाला माहीत असतं. इथे मी लांबचा, जाडा, भुक्कड पोलीस आणून दाखवला आणि इथल्यांची सुटका करून दिली. एका माणसाचं जे इतकी वर्षं हसण्यावारी नेलं गेलं, तेच मी पुन्हा हसण्यावारी नेलं, तेही हॉल भरून. त्या रात्री मला कुणी तिकीट दिलं असतं तर मी तशीच निघून आले असते.

दुसरा प्रयोग

दुसरा प्रयोग आठवड्याने होता. मी हेलनला सांगून टाकलं, मी करणार नाही, केकचा प्रवेश काढून टाका. डेस्मंड दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, टोपी हातात, आणि आपल्या खुर्चीवर बसला. ॲलनने त्याच्यासाठी चहा आणला, आणि कप पुढे करून तसाच उभा राहिला.

"मी अशी झडती घेतलेली आहे," ॲलन म्हणाला. "केकची नाही. एका बाईच्या खरेदीच्या पिशव्या होत्या. सगळं रस्त्यावर काढलं. मीपण सर, मॅडम म्हणतो. आम्हाला तसंच शिकवतात." मग म्हणाला, "त्या दिवशी मी हसलो. त्या हसण्यामुळे मला झोप लागत नाही. मला तुमची गोष्ट पुन्हा सांगू द्याल?"

डेस्मंड म्हणाला, "पंचनामा नको."

"नाही."

डेस्मंडने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी जवळ बसून ऐकेन, बाकी काही करणार नाही. माझ्याकडून एवढंच होण्यासारखं होतं. मग ते दोघं रोज कोपऱ्यात बसत. डेस्मंड सांगायचा, ॲलन ऐकायचा, मग ॲलन सांगायचा. कुठे थांबायचं, कुठे हात कसा धरायचा, फुलं किती होती, पर्लने केक गाडीत ठेवताना काय सांगितलं होतं. मी ऐकत बसे. ॲलन चांगला नट नव्हता, आणि नव्हता ते बरंच होतं.

इव्हॉन पुन्हा यायला तयार नव्हती. "डॅड, मी पाहिलंय ते," असं तिचं चाललं होतं. डेस्मंडने तिला कसं आणलं मला माहीत नाही. ती आली, कामावरून थेट, दमलेली, आणि तिसऱ्या रांगेत बसली. हॉल या वेळी अर्धाच भरला होता. गणवेशातले मागच्या वेळेपेक्षा कमी.

ॲलन खुर्ची घेऊन मध्ये बसला. साधा निळा स्वेटर. हातात काही नाही. त्याने सुरुवात केली, "माझ्या बायकोने वर्षभर फळं रममध्ये भिजत घातली होती. मुलीचं लग्न होतं."

कुणीतरी मागे हसलं, मागचा प्रयोग आठवून. ॲलन थांबला, आणि मग पुढे सांगत राहिला. गाडी हळू चालवली ते सांगितलं. दिवा दिसला आणि आपण लगेच बाजूला घेतली ते सांगितलं. "मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. मी सूट घातला होता. मला वाटलं, सूट दिसेल." हातमोजा चढवतानाचा रबराचा आवाज सांगितला. बोटं कुठे कुठे गेली ते त्याने स्वतःच्या मांडीवर दाखवलं, एकेक करून. "पिवळी फुलं होती. माझ्या बायकोने आमच्या मुलीच्या आवडीची केली होती. ती गाडीत खाली पडली. तो म्हणाला, लग्न छान होवो, सर."

इथे ॲलन थांबला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून येईना. तालमीत रोज यायचं. समोर दुसऱ्या रांगेत त्याचेच सहकारी बसले होते, त्यांच्याकडे बघून त्याने कसंबसं म्हटलं, "थँक यू, ऑफिसर."



"मग मी चर्चच्या मागे गाडी लावली," ॲलन म्हणाला. "हात पुसले. आत गेलो आणि सांगितलं, माझ्या हातून पडला."

मी इव्हॉनकडे पाहत होते. तिला पिवळ्या फुलांपाशीच समजलं होतं. ती खुर्चीवर ताठ झाली होती. आता ती उठली. मला वाटलं, वडिलांच्या गळ्यात पडेल. आपल्याकडे तसंच झालं असतं, निदान नाटकात तरी. ती डेस्मंडसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं तू आम्हाला हसू दिलंस?"

"तुझं लग्न होतं," डेस्मंड म्हणाला.

"ममही हसायची."

"हो."

"तिला तू हसू दिलंस?"

डेस्मंडने होकारार्थी मान हलवली. इव्हॉन कोट उचलून बाहेर गेली. तो तिच्या मागे गेला. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना. काहींनी वाजवल्या, काहींनी नाही. हेलनने चर्चा सुरू केली. एक तरुण कॉन्स्टेबल म्हणाला, तेव्हाचे नियम वेगळे होते, आता तसं होत नाही. वस्तीतली एक बाई म्हणाली, आता केक आधी एक्स-रेत घालतील. थोडं हसू आलं, थोडा वाद झाला. या वेळीही मागे येऊन बसलेला शिरीष ऐकत होता, आणि चर्चा संपायच्या आत गाडी काढायला म्हणून उठून गेला. ॲलन खुर्च्या उचलून एकावर एक रचायला लागला, जरी लोक अजून काहींवर बसलेले होते.

कोच स्टेशन

माझ्या परतीच्या दिवशी केतकीची ड्यूटी होती. डेस्मंड म्हणाला, मी सोडतो, आयुष्यभर लोकांना पोचवलंच आहे. हीथ्रोची बस यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. पाऊस बारीक पडत होता, तिकडे तो पडतो असं म्हणवत नाही, लोंबकळतो. मी त्याला केतकीने दिलेल्या गूळपोळीतली अर्धी दिली. त्याने ती विचार करत खाल्ली.

मी विचारलं, "इव्हॉन बोलते का?"

"बोलते. रोज फोन करते. आधी आठवड्याने करायची." त्याने बोटांवरचा गूळ पुसला. "प्रश्न विचारते. गाडी कुठे थांबवली, पोलीस किती वयाचा होता, मम विचारत होती का काही. मी सगळं सांगतो. ती लिहूनही घेते बहुतेक. रडते."

"मग चांगलं झालं ना, डेस्मंड? तुम्हाला तेच हवं होतं."

"हवं होतं," तो म्हणाला. "काल मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. धाकट्या नातवाच्या हातून सरबताचा ग्लास सुटला. सगळं टेबलावर, माझ्या पँटवर. पूर्वी असं झालं की सगळं घर ओरडायचं, आजोबांवर गेलाय, आजोबांवर गेलाय. काल सगळे गप्प. माझ्याकडे बघायलासुद्धा कुणी तयार नाही. इव्हॉन फडकं घेऊन आली आणि मला हळू आवाजात विचारलं, तू ठीक आहेस ना."

बस आली. त्याने माझी बॅग उचलली, ड्रायव्हरला ओळखीची मान हलवली आणि बसच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ती नीट ठेवली.

"शेवटी मीच म्हणालो, मिस सुमन," तो म्हणाला. "माझ्यावर गेलाय पोरगा. कुणीसुद्धा हसलं नाही."